घरच्या विजेवरची लेथ

थोरले लोखंड कातायची लेथ चालवायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ जळलेल्या मोटरींचं वाइंडिंग भरून द्यायचा. धाकट्याला सगळे करंट म्हणत. वायर जिवंत आहे की मेलेली, हे तो बोटाच्या पाठीने चाचपून बघायचा आणि झटका बसला की रागवायच्या ऐवजी खूश व्हायचा. "आहे बरं का, आहे!" असं ओरडायचा. थोरले पार्टिशनपलीकडून नुसते "हं" म्हणायचे.

दोघांची शेड एकच, मध्ये पत्र्याचा आडोसा. अलीकडे लोखंडाचा कीस आणि तेल, पलीकडे तांब्याची तार आणि व्हार्निशचा वास. कामाला दोघे आधी एका सायकलीवर आणि पुढे एका स्कूटरवर बसून जायचे. चालवायला करंट, मागे मांडीवर डबे घेऊन थोरले. थोरल्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून म्हातारी झाली, तसा तो विषयही म्हातारा होऊन गप्प बसला. ते राहायचे भावाच्याच घरात. भावाच्या बायकोला ते 'धाकटी' म्हणत, ती त्यांना 'दादा'. करंटची आणि धाकटीची मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती आणि तिथे एका कंपनीत विजेची पॅनेल बसवायचं काम करत होती. लहानपणी ती बापाच्या मांडीवर बसून कॉइलला सुती फीत गुंडाळायला शिकली होती, तेच हातात राहिलं.

सगळं असं रांगेला लागलेलं असताना शेडच्या मालकाने जागा विकली. शेडांची पूर्ण रांगच पाडायची ठरली. करंटचं सामान टेम्पोच्या एका फेरीत मावलं असतं. अडचण होती ती लेथची. ती थोरल्यांपेक्षाही वयाने मोठी होती. तिचा बेड, म्हणजे कापायचं टूल ज्यावर सरकतं तो पाट, मधोमध झिजलेला होता, आणि त्या झिजेमुळे कुठे किती कमी कापायचं हे थोरल्यांच्या हाताला पाठ होतं. दुसऱ्या कोणी त्या मशीनवर काम केलं असतं तर गोल गज काढताना गाजर निघालं असतं.

भंगारवाला आला. मशीनभोवती फिरला, हेडस्टॉकच्या जड पेटीवर दोन थापा मारल्या आणि वजनाचा अंदाज बांधू लागला. थोरले पुढे आले. त्यांनी फडकं घेतलं आणि त्याच्या हाताचा जिथे ठसा उमटला होता तेवढी जागा पुसून काढली.

करंटने ते पाहिलं आणि भंगारवाल्याला म्हणाला, "जा बाबा तू. हे घरी येणार आहे."

"घरी?" संध्याकाळी धाकटीने कमरेवर हात ठेवून विचारलं. "कुठे ठेवणार? माझ्या डोक्यावर?"

"बाहेरच्या खोलीत."

"आणि आलं-गेलं माणूस कुठे बसायचं?"

"आपल्याकडे बसायला येतं कोण? येतो तो बंद पडलेली मोटर घेऊन येतो. तो उभ्या उभ्याच बोलतो."

धाकटी हसली, म्हणजे ठरलं. दाराची चौकट काढावी लागली. पाइपांचे तुकडे खाली सरकवत, पहारीने ढकलत लेथ एकदाची खोलीत आली आणि रस्त्याकडच्या खिडकीखाली बसली. सोफा मागच्या अंगणात गेला. मांजराने तो लगेच ताब्यात घेतला.

आता प्रश्न विजेचा. लेथच्या मोटरला थ्री फेज वीज लागते आणि घरात होती ती साधी, दिवे-पंख्यांची. वीज कंपनीच्या ऑफिसात विचारून झालं. त्या गल्लीत घराला तसं कनेक्शन मिळणार नाही, असं तिथल्या माणसाने सरळ सांगितलं. चांगला माणूस होता. चहा पाजून नाही म्हणाला.

करंटने तरी एकदा घरच्या विजेच्या दोन वायरी मोटरला जोडून खटका टाकला. मोटर नुसती गुरगुरली. गज धरणारा चक जागचा हलला नाही, घरभर दिवे मंदावले आणि आतून धाकटीचा आवाज आला, "काय चाललंय काय?"

करंटने खटका वर केला आणि तिला बोलावून समजावलं. कोणाला तरी समजावल्याशिवाय त्याला स्वतःला समजायचं नाही. "हे बघ. एक जड चाक आहे. थ्री फेज म्हणजे त्याच्याभोवती तीन माणसं. एकाचा हात सुटला की दुसऱ्याचा लागतो, दुसऱ्याचा सुटला की तिसऱ्याचा. चाक मुकाट फिरतं. आपल्या घरात माणूस एकच. तो पुढे ढकलतो, मागे ओढतो, पुढे ढकलतो, मागे ओढतो. चाक बिचारं जागच्या जागी थरथरतं. पण कोणी आधीच ते फिरवून दिलं, तर त्या एकट्या माणसालाही ते फिरतं ठेवता येतं."

"मग द्या फिरवून," धाकटी म्हणाली.

"तेच तर करणार आहे."

त्याने लेथची मोटर उतरवून ओट्याशेजारी आणली आणि उघडली. जुन्या मोटरीत तिन्ही वाइंडिंगची टोकं आतल्या आत एका गाठीत बांधून, वर व्हार्निश ओतून बुजवलेली असतात. घरच्या विजेवर चालवायची तर ती गाठ सोडवून तिन्ही टोकं बाहेर काढावी लागतात. वाइंडिंग इतकं जुनं होतं की जरा ओढलं असतं तर वरचा लेप पापडासारखा तुटला असता. करंट बांबूच्या काडीने ते कोरत बसला. थोरले दिवा धरून उभे. मध्येच धाकटी जेवायला हाक मारून गेली, दोघांनीही ऐकलं नाही. शेवटी ती वाट्या घेऊन तिथेच आली. टोकं सुटली. करंटने त्यांना नव्या वायरी जोडल्या, रंगीत नळ्या चढवल्या आणि सुती फितीने बांधून टाकल्या, त्याच्या सवयीप्रमाणे गाठीवर गाठ, आणि वर आणखी एक, उगाच.

मग त्याने शेडमधली एक दुसरी, जरा दांडगी मोटर आणली. कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर बसवली. तिला काहीच काम करायचं नव्हतं. नुसतं फिरायचं होतं. दोरी गुंडाळून तिला आधी हाताने जोरात फिरवायचं, ती वेगात असतानाच खटका टाकायचा, की मग ती घरच्या विजेवर फिरत राहणार आणि तिच्या तिसऱ्या वायरीतून लेथला लागणारी तिसरी फेज मिळणार.

"दोन वायरी घेते आणि तीन देते," करंट म्हणाला. "घेतल्यापेक्षा जास्त देणारं एकच माणूस मी पाहिलं, आपली मावशी. हिचं नाव मावशी."

मावशी सुरू करायला दोघे लागायचे. एक दोरी ओढणारा, एक खटक्यापाशी. खटका लवकर टाकला तर मावशी गुरगुरायची, उशिरा टाकला तर वेग पडलेला असायचा. करंट दोरी ओढायचा. कोपर मागे जाईपर्यंत ओढून "टाक!" म्हणून ओरडायचा आणि त्या क्षणी थोरले खटका खाली पाडायचे. पहिल्यांदा ती लागली तेव्हा दोघे तिच्याकडे बघतच राहिले. मग थोरल्यांनी लेथचं बटण दाबलं आणि चक फिरला. जरा दमाने, पण फिरला. थोरल्यांनी गजाचा तुकडा धरून पातळसा काप घेतला. निळसर कीस टूलवरून गुंडाळत खाली आला. करंटने तो गरम असतानाच उचलला, बोटं भाजून घेतली आणि आत जाऊन बायकोला दाखवला.

ते दिवस फार सुखाचे होते. मोठं काम त्या जोरावर व्हायचं नाही. पण हातगाडीचा आस, पंपाचा बुश, शिलाई मशीनचं चाक, असली कामं गल्लीतून यायची आणि होऊन जायची. सकाळचा चहा झाला की खोलीतून "टाक!" ऐकू यायचं आणि शेजारची बाई म्हणायची, चला, लागले दोघे. खोलीतला दिवा एकदा मिचकायचा. धाकटी आतून म्हणायची, "डोळा मारून झाला का?" हे ती रोज म्हणायची आणि करंट रोज हसायचा.

मग करंटला जेवण जाईना. आधी त्याने ते हसण्यावारी नेलं. पट्ट्याला नवी भोकं पाडली, पँटला चुण्या पडल्या. एका सकाळी दोरी ओढली आणि "टाक" म्हणायच्या आधीच तो मावशीवर हात टेकून उभा राहिला. थोरल्यांचा हात खटक्यावर तसाच थांबला. मावशी आपसूक फिरून थांबली.

"दादा, आज तू ओढ," करंट म्हणाला. "मी खटका बघतो."

थोरल्यांनी खटका सोडला. दोरी घेतली, ओढली आणि पुटपुटले, "टाक."

"अरे, हे विजेला सांगतोयस की कानात गुपित सांगतोयस? ओरड ना!"

थोरले ओरडले. इतक्या मोठ्याने ते आयुष्यात कधी ओरडले नव्हते. करंट हसता हसता खोकला, पण खटका त्याने वेळेवर टाकला.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते धाकटीने आणि थोरल्यांनी दवाखान्याच्या जिन्यात ऐकलं. पोटात होतं, आणि पसरलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. करंट बाकावर बसून वॉर्डच्या बंद पंख्याकडे बघत होता. ते परत आल्यावर म्हणाला, "कपॅसिटर गेलाय त्याचा. मला स्टूल द्या, बदलून देतो." ते काय ऐकून आले, हे त्याने त्या दिवशीही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

पुढे तो खटक्यापाशी उभा राहीनासा झाला, तर स्टुलावर बसून टाकू लागला. मग स्टूलही होईना. त्याची खाट आतल्या खोलीत, भिंतीला लागून होती. आता थोरले दोरी ओढायचे आणि खटका धाकटी टाकायची. तिचा हात पहिल्यापासून बरोबर पडला. आतून करंटचा आवाज यायचा, "दादा, बेल्ट ढिला आहे." थोरले बघायचे तर बेल्ट ढिला असायचा. "टूल बोथट झालंय, रडतंय ते." थोरले धार लावून आणायचे. बोलणं जड जाऊ लागलं तेव्हा तो भिंतीवर चमचा वाजवायचा. एकदा वाजवला की काहीतरी बिघडलंय. भराभर वाजवला की छान चाललंय.

कामं येईनाशी झाली, म्हणजे थोरले घेईनासे झाले. पण सकाळ झाली की करंट म्हणायचा, "लाव ना जरा." थोरले रिकामी लेथ लावायचे. चकात काही नसायचं. ते नुसते शेजारी उभे राहायचे आणि भिंतीकडे बघायचे.

एका सकाळी अशीच लेथ चालू होती. धाकटी खटका टाकून आत गेली होती. थोडा वेळ गेला. ती बाहेर आली, थोरल्यांच्या मागून खटक्यापाशी गेली आणि तिने तो वर केला. मावशी आणि लेथ हळूहळू थांबत गेल्या.

"का गं बंद केलंस?" थोरल्यांनी वळून विचारलं.

ती खटका धरूनच उभी होती. 

त्यानंतर लेथवर चादर आली. लोक भेटायला येऊन गेले, मुलगी येऊन राहून गेली. नंतर हातगाडीवाला एकदा चाक घेऊन दारात आला. थोरले म्हणाले, "बंद आहे."

धाकटी आतून बाहेर आली. "मी आहे ना. मी टाकते खटका."

"नको."

"का? येतं मला."

"नको म्हटलं ना."

हातगाडीवाला ओशाळून निघून गेला. धाकटी आत गेली आणि भांडी घासायला बसली. भांडी मुळात घासलेलीच होती. तिला वाटलं, नवरा गेला आणि दादांना आता आपला हात चालेनासा झाला. इतकी वर्षं एका घरात काढली, ती करंटमुळे; मधला माणूस गेल्यावर आपण यांच्या कोण? थोरल्यांना यातलं काही वाटत नव्हतं. त्यांना फक्त ती सकाळ दिसत होती, खटका धरून उभी असलेली धाकटी, आणि तिच्या हातात तो खटका पुन्हा द्यायचा म्हटलं की ते तोंड फिरवून घ्यायचे. पण हे तोंडाने सांगायचं कसं, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या वतीने सांगणारा माणूस गेला होता. एका छपराखाली दोघं आपापल्या खोलीत गप्प राहू लागली.

शेवटी धाकटीने मुलीला फोन केला. "दादांची लेथ बंद आहे. दोघं लागतात म्हणतात. माझा हात त्यांना नको आहे. एकट्याला लावता येईल असं काही करता येतं का बघ. नुसते भिंतीकडे तोंड करून बसतात गं."

मुलगी पुढच्याच सुट्टीत आली. डब्याएवढी एक पेटी तिने पिशवीतून काढली. "काका, याला ड्राइव्ह म्हणतात. घरची वीज घेतो आणि आतल्या आत तीन फेज करून देतो. दोरी नको, मावशी नको. हिरवं बटण दाबलं की सुरू, लाल दाबलं की बंद."

थोरले म्हणाले, "अस्सं."

तिने पेटी भिंतीवर बसवली. मग जोडणी करायला लेथच्या मोटरचं झाकण उघडलं आणि थांबली. आत सहा वायरी होत्या, रंगीत नळ्या घातलेल्या, सुती फितीने बांधलेल्या. गाठीवर गाठ आणि वर एक उगाच. तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. थोडा वेळ ती नुसती त्या फितीवर अंगठा फिरवत बसली. थोरले खिडकीतून बाहेर बघत राहिले. "बाबांनी टोकं काढून ठेवली नसती ना," ती नाक पुसत म्हणाली, "तर मला मोटर आतपर्यंत उघडावी लागली असती. सगळं त्यांनीच करून ठेवलंय."

फीत न कापता तिने जोडणी केली. मावशीच्या वायरी सोडल्या, त्यांची टोकं टेपने गुंडाळली. "दाबा, काका."

थोरल्यांनी हिरवं बटण दाबलं. दिवा मिचकला नाही. गुरगुर नाही, हिसका नाही. चक हळूच वळला आणि चढत चढत वेगात आला. पूर्वीपेक्षा जोरही जास्त. कुठेतरी डासासारखी बारीक गुणगुण तेवढी होती.

"बघा," मुलगी आनंदाने म्हणाली. "आता तुम्हाला कोणाचीच गरज नाही."

तिच्या मनात तसं काही नव्हतं. थोरल्यांनाही ते कळत होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "छान केलंस, बाळा. तुझ्या बापाने दहा वेळा उघडून बघितलं असतं हे." तिच्यासमोर त्यांनी एक तुकडा कापून दाखवला, तिने फोनवर त्याचा व्हिडिओ काढला आणि दुसऱ्या दिवशी ती समाधानाने परत गेली.

ती गेली त्या दुपारी हातगाडीवाला पुन्हा आला. चाक अजून तसंच होतं, आस सैल झाल्यामुळे डुगडुगणारं. थोरल्यांनी चादर काढली. चाक आसासकट ठेवून घेतलं, त्याला थोड्या वेळाने यायला सांगितलं, आसावर घट्ट बसणाऱ्या पोकळ बुशासाठी पितळेचा गज चकात धरला आणि हिरवं बटण दाबलं. लेथ फिरू लागली. ते टूल सरकवायचं हँडल हातात धरून तसेच उभे राहिले. फिरणाऱ्या पितळेकडे बघत राहिले आणि भिंतीकडे कान देत राहिले.

धाकटी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. अचानक भिंतीतून लेथची घरघर आली आणि ती दचकून उठली. बाहेर येऊन दारात उभी राहिली.

"दादा, सुरू करताना जरा हाक द्या. असं एकदम लागलं की..." तिने छातीवर हात ठेवला. "मला वाटतं, आत ते आहेत आणि मी खटका टाकायला विसरले."

थोरल्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "कोणाला हाक देऊ?"

"मला द्या. माझा हात नको म्हणालात, पण हाक तरी द्याल ना?"

"तुझा हात नको, असं मी कधी म्हणालो?"

"हातगाडीवाल्यादेखत म्हणालात."

थोरल्यांनी हँडलवरचा हात काढला. लेथ फिरतच होती. "त्या दिवशी तू खटका वर केलास," ते शेवटी म्हणाले. "मी म्हटलं, का बंद केलंस. तू नुसती उभी होतीस. तो खटका तुझ्या हातात पुन्हा... मला नाही बघवणार गं ते. म्हणून नको म्हणालो. दुसरं काही नाही."

धाकटी चौकटीला टेकली आणि हळूहळू खालीच बसली. "मला वाटलं, हे गेले आणि मी तुमची कोणी राहिले नाही."

"वेडी आहेस का?" थोरले म्हणाले, आणि त्यांचा आवाज मध्येच फाटला. भाऊ गेल्यापासून ते रडले नव्हते. स्मशानात नाही, मुलगी गळ्यात पडली तेव्हा नाही. आता लेथला धरून, तेलकट फडकं डोळ्यांना लावून, ते लहान मुलासारखे रडले. धाकटीने त्यांना गप्प केलं नाही. तीही तिथेच बसून रडत होती. गुणगुणत्या मशीनच्या आवाजात कोणाचं रडणं कोणाला फारसं ऐकू आलं नाही, ते बरंच झालं.

बऱ्याच वेळाने थोरल्यांनी टूल पुढे घेतलं. पितळेचा भुगा उडाला. बुश उतरवून त्यांनी आसावर घालून पाहिला, तर तो खळखळला. माप चुकलं होतं. इतकी वर्षं त्या झिजलेल्या बेडवर त्यांचं माप चुकलं नव्हतं.

हातगाडीवाला दारात आला. "झालं का?"

"नाही झालं," थोरले म्हणाले. "उद्या ये."

त्याने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता गेला. धाकटी उठली, चहा ठेवायला आत गेली. थोरल्यांनी नवा गज कापायला घेतला.